वारस क्रमांक तीन

कागद दगडाखाली होता. वरून तिसऱ्या पट्टीत, बांधाला लागून, आणि दगड असा ठेवलेला की वाऱ्याने कागद उडू नये, पण कुणाला चटकन दिसूही नये. फेब्रुवारीचा महिना, द्राक्षवेलींची छाटणी चाललेली. फिर्यालला आधी वाटलं, वरच्या इस्रायली वसाहतीतून उडून आलेला कसला तरी कचरा असणार. तिथून काहीही यायचं, दह्याचे रिकामे डबे, पोरांचे लंगोट. तिने तो उचलला तो टोपलीत टाकायलाच. मग त्यावरचा नकाशा दिसला. मजकूर हिब्रूत होता, ती लिपी तिला येत नव्हती, पण नकाशा कळायला लिपी लागत नाही. आपल्याच शेताच्या सहा पट्ट्या, आकाशातून पाहिल्यासारख्या, एकीखाली एक, आणि सगळ्यांभोवती लाल रेघ.

हातातली वेल अर्धी छाटून झाली होती. फिर्यालने उरलेल्या काड्या दोन-दोन डोळे ठेवून छाटल्या, कात्री कमरेला खोचली आणि मगच कागद घेऊन ती खाली भावाच्या घराकडे निघाली. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे धड, डावा खांदा कायमचा दुखरा. नवरा मूत्रपिंडाच्या आजाराने गेला त्याला तेवीस वर्षं झाली होती आणि तेवीस वर्षंच ती बापाच्या या सहा पट्ट्या एकटी कसत होती. अर्धी द्राक्षं भावाच्या घरी जात, अर्ध्यावर तिने तीन मुली आणि एक मुलगा मोठे केले. पानं विकली, मनुका विकल्या, द्राक्षाचा रस आटवून काकवी केली, त्याच रसाची साठं घालून वाळवली. दैर हुलैल गावात बायका लग्नाच्या आधी तिच्याकडे काकवी सांगून ठेवत.

भाऊ शहादे, गावाच्या तोंडी अबू निझाम, म्हणजे निझामचा बाप, अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. पंचवीस वर्षं तो इस्रायलमध्ये आणि वसाहतींमध्ये गिलाव्याची कामं करत होता, त्यामुळे त्याला हिब्रू वाचता येई. त्याने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, आणि चष्मा काढून पुसला.

"काय म्हणतायत?" फिर्यालने विचारलं.

"म्हणतायत, ही सरकारी जमीन आहे. सत्त्याऐंशी साली मोजणी झाली तेव्हाच सरकारी ठरली. त्यानंतर जो कोणी तिथे कसतोय, तो अतिक्रमण करतोय."

"कोण करतोय?"

"तू," तो म्हणाला.

पंचेचाळीस दिवसांत जागा रिकामी करायची किंवा हरकत घ्यायची. कागदावरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती. अबू निझामने ती बोटाने दाखवली आणि बराच वेळ तो त्या लोकांना शिव्या देत बसला. फिर्यालला वाटलं, त्यांना दे, पण नऊ दिवसांत तू स्वतः एकदा जरी शेतावर फिरकला असतास तर. अबू निझामला शेताचा अभिमान फार होता, जायला वेळ नव्हता.

डोंगरावरची वसाहत नव्वदीच्या दशकात उभी राहिली होती. आधी चार पत्र्याचे डबे, मग लाल कौलांच्या रांगा. पहिल्या चाळीस घरांचा गिलावा अबू निझामच्या हातचा होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याच्या तोंडावर कुणी काढत नसे. फिर्याल एकदाच बोलली होती. त्यावर त्याने तिला विचारलं होतं, तुझ्या काकवीवर माझी सात पोरं जगली असती का? तेही खरंच होतं.

वसाहतीतला एल्हनान नावाचा माणूस तिच्या ओळखीचा झाला होता, म्हणजे दोघं एकमेकांना बारा वर्षं बघत होते. चौथ्या पट्टीत सपाट कातळात एक चौकोनी कुंड कोरलेलं होतं आणि त्याच्या खाली दुसरं, लहान. वरच्यात द्राक्षं तुडवायची, रस खालच्यात उतरतो. फिर्यालच्या आजीपासून सगळ्या त्याच कुंडात काकवीचा रस काढत आल्या होत्या. एल्हनान अधूनमधून पाहुण्यांना घेऊन खाली यायचा, कंबरेला पिस्तूल, पायात सँडल, आणि त्यांना ते कुंड दाखवायचा. एकदा ती कुंड घासत असतानाच तो आला. थोडंफार अरबी त्याने शिकून घेतलं होतं. तिला सलाम करून म्हणाला, हे आमच्या लोकांनी कोरलंय, दोन हजार वर्षांपूर्वी. इथून आम्हाला हाकललं, आता आम्ही परत आलोय, तुझ्याशी माझं वैर नाही. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला ते मनापासून वाटत होतं. माझा आजोबा इथल्याच एका वस्तीत अठ्ठेचाळीसच्या लढाईत मारला गेला, असंही तो म्हणाला. फिर्याल हातात घासणी घेऊन ऐकत राहिली. दोन हजार वर्षांचं तिला काही सांगता येत नव्हतं. तिच्या मनात एवढंच आलं, की याच्या आजोबाच्या आजोबाने कोरलंही असेल, पण दर वर्षी काढणीआधीच्या उन्हात यातलं शेवाळ कोण काढतं, ते या पाहुण्यांना हा सांगणार नाही.

हरकतीचं काम जेरुसलेमच्या एका वकीलबाईंकडे गेलं. हदास नाव, ज्यू, चाळिशीच्या, अरबी मोडकंतोडकं पण न लाजता बोलणाऱ्या. अबू निझामला त्या पसंत नव्हत्या. त्यांच्यातलीच आहे, म्हणाला. गावातल्या दोघांच्या केसेस त्यांनी चालवल्या होत्या. एक हरल्या होत्या, एक अकरा वर्षं चालू होती. फिर्यालला त्या आवडल्या, कारण बाकीचे वकील बघू म्हणत आणि या थेट नाही म्हणत. तुमच्याकडे खरेदीखत आहे का? नाही. जॉर्डनच्या काळातली, सदुसष्टच्या आधीची नोंद? करपावती आहे. करपावतीत किती जमीन? पाच दुनुम, म्हणजे सव्वा एकर. प्रत्यक्षात किती? बारा. मग सात कुठे गेली? अबू निझाम खाकरला. आजोबाने कर कमी पडावा म्हणून पाचच लिहवली होती, सगळ्या गावाने तेच केलं होतं, त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला नाही, नुसतं लिहून घेतलं.

मग त्यांनी वारसदाखला मागितला. धर्मकोर्टातून तो चार दिवसांत मिळाला. हाज दीब यांचे वारस: एक, मुलगा शहादे. दोन, मुलगी सुबहिया. तीन, मुलगी फिर्याल.

फिर्यालने तो कागद कितीतरी वेळ धरून ठेवला. अरबी होता, तिला वाचता येत होता. रेशनच्या कार्डावर, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत तिचं नाव लिहिलेलं असायचं, पण ते कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून. इथे ती वारस होती.

"हे चुकलंय," अबू निझाम म्हणाला. "बहिणींनी केव्हाच हिस्सा सोडलाय."

"कागदावर?" वकीलबाईंनी विचारलं.

"गावासमोर."

"मग सोडलेला नाही. आणि जुन्या तुर्की कायद्याने या प्रकारच्या जमिनीत मुलगा-मुलगी सारखे. तिघांना एक-एक तृतीयांश. मला तिघांच्या सह्या लागतील. मोठ्या बहीण कुठे असतात?"

त्या जॉर्डनमध्ये, झरकाला, असं कळल्यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. परदेशातल्या वारसाचा वेगळाच घोळ होता, तो पुढे बघू म्हणाल्या. आधी मुखत्यारपत्र आणा, तिथल्या तीन कचेऱ्यांच्या शिक्क्यांसकट. उरले होते एकोणीस दिवस.

सुबहियाला फोन करायला अबू निझाम तयार नव्हता. तिने ईदलाही त्याचा फोन घेतला नव्हता, सहा वर्षं. तेव्हा फिर्यालनेच जायचं ठरलं, म्हणजे अबू निझामने ठरवलं आणि फिर्यालने पिशवी भरली. दोन किलो मनुका, काकवीची एक बाटली कपड्यात गुंडाळलेली. जॉर्डन नदीच्या पुलावर तीन ठिकाणी बस बदलून, तीन ठिकाणी तीन देशांच्या असल्यासारख्या खिडक्यांपुढे उभं राहून, ज्यांतला एक देश अजून झालाच नव्हता, ती संध्याकाळपर्यंत झरकाला पोचली. दुसऱ्या खिडकीत बाटली काढून घेतली.

सुबहिया पासष्टीची, अंगाने भरपूर, गुडघे गेलेले. सहासष्ट साली लग्न होऊन गेली, सदुसष्टच्या लढाईत मधली नदी सरहद्द झाली, आणि नंतरच्या शिरगणतीत गावी नव्हती म्हणून ती माहेरची पाहुणी ठरली. परवाना काढून यायचं, मुदत संपली की जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती दोडक्याएवढ्या भोपळ्यांचा गर कोरत होती, भात भरायला. फिर्याल समोर बसून पानांच्या वळकट्या करत होती. फिर्यालने सगळं सांगितलं. सुबहियाने कोरणं थांबवलं नाही.

"माझी सही त्याला कशाला हवी? मी तर सोडलाय ना हिस्सा."

"कागदावर नाही सोडला."

"मग चाळिसाव्याला काय केलं आपण? नाटक?"

तो दिवस दोघींच्याही लक्षात होता. त्र्याऐंशी साल, वडील गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात गावातले वडीलधारे बसलेले, दोन बकरे कापलेले, आणि दारात उभ्या राहून दोघी बहिणींनी म्हणायचं होतं, आम्ही भावाला माफ केलं. हिस्सा माफ केला, असा अर्थ. रीतच तशी होती. जी म्हणत नाही तिला माहेर उरत नाही. त्या बदल्यात भावाने दोघींना मखमलीचं कापड दिलं होतं, फिर्यालला हिरवं, सुबहियाला निळं.

"अडीच वार," सुबहिया म्हणाली. "मी तेव्हाही अशीच होते. अडीच वारात माझी एक बाही झाली असती. त्याला डोळे नव्हते?"

फिर्यालला हसू आलं, पण सुबहिया हसत नव्हती. कापड तिने अजून ठेवलं होतं म्हणे, न शिवता. तिला जमीन नको होती, कुणी विचारलं असतं तर तिने आनंदाने दिली असती. तिला विचारलं नव्हतं. तिला दारात उभं करून वाक्य शिकवलं होतं. आणि त्यानंतर काय केलं त्याने, ती म्हणाली. शेत पडू दिलं ना?

ते खरं होतं. चाळिसाव्यानंतर अबू निझाम कामावर गेला, तेल अवीवकडे, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेताला त्याच्याकडे वेळ नव्हता. फिर्याल तेव्हा शेताच्या खालच्याच अंगाला नवऱ्याच्या घरी राहायची, वेलींवर रान माजलेलं तिला चुलीपाशी बसून दिसायचं. तिने विचारलं होतं, मी करू का छाटणी? त्याने बजावलं होतं, बांधाच्या आत पाय ठेवायचा नाही. आज छाटणी करशील, उद्या तुझा नवरा म्हणेल आम्हीच कसतो. पाच वर्षं पट्ट्यांत गवत आणि काटेरी झुडपं. अठ्ठ्याऐंशीत फिर्यालचा नवरा वारला, मग अबू निझामनेच तिला बोलावलं. आता तिच्या मागे बोलणारा कुणी पुरुष नव्हता.

सुबहियाने शेवटचा भोपळा परातीत ठेवला. हात पुसले.

"सही करते. पण मुखत्यारपत्र त्याच्या नावाने नाही. तुझ्या."

"तो ऐकणार नाही."

"मग जाऊ दे सरकारजमा. मी इथे बसून पंचेचाळीस वर्षं बघतेय, कोण कोण काय काय घेऊन गेलं. त्यात सहा पट्ट्या मला जास्त नाहीत."

मग ती स्वयंपाकघरात एकदम रडायला लागली, आणि फिर्यालने पानांची परात बाजूला सरकवली.

तीन कचेऱ्यांना पाच दिवस लागले. पहिल्या कचेरीत सुबहियाच्या नावाचं स्पेलिंग दुसऱ्या कचेरीतल्यासारखं नव्हतं म्हणून परत जावं लागलं. फिर्याल घरी परतली तेव्हा चार दिवस उरले होते. अबू निझामने मुखत्यारपत्र वाचलं. बायकोने ठेवलेला चहा त्याने बाजूला सारला. मग म्हणाला, म्हणजे आता माझ्या बापाची जमीन मला बहिणी दाखवणार. सही त्याने केली, कारण दुसरा इलाज नव्हता. हरकत त्रेचाळिसाव्या दिवशी दाखल झाली.

सुनावणी जून महिन्यात होती, लष्करी छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत. तीन जण टेबलापलीकडे, एक दुभाषी सैनिक, सरकारी वकील, आणि कडेला, आम्हालाही या प्रकरणात रस आहे असं लेखी कळवून आलेला एल्हनान. त्याने कुंडाचे फोटो आणले होते. फिर्यालकडे बघून त्याने मान लववली. तिनेही लववली, सवयीने, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

अबू निझामने सांगितलं, आमचं घराणं चार पिढ्या ही जमीन कसतंय, एक वर्षही खंड नाही. चांगला बोलला, हिब्रूतच. सरकारी वकिलाने मग एक मोठा फोटो टेबलावर पसरला. विमानातून काढलेला, शहाऐंशी सालचा. सहा पट्ट्या. वरच्या पाच पांढुरक्या, ठिपक्याठिपक्यांच्या, रान माजलेल्या. कायद्याने, सलग तीन वर्षं पडीक राहिलेली जमीन सरकारी धरता येत असे. ही तुमची चार पिढ्यांची शेती का, त्याने विचारलं. अबू निझाम म्हणाला, त्या वर्षी दुष्काळ होता. वकिलाने पंच्याऐंशीचा फोटो काढला. मग चौऱ्याऐंशीचा.

मधला अधिकारी फोटोवर भिंग धरून होता. "ही सगळ्यात खालची पट्टी वेगळी दिसते," तो म्हणाला. "इथे ओळी आहेत. तिन्ही फोटोंत. ही कोण करत होतं?"

अबू निझामने फोटोकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांत त्याला कधी कळलं नव्हतं.

"मी," फिर्याल म्हणाली.

खालची पट्टी बांधाआड होती, भावाच्या दिवाणखान्यातून दिसत नसे. नवरा चेष्टा करायचा, लोकांच्या बायका चोरून दागिने करतात, माझी चोरून छाटणी करते. पोरं शाळेत गेली की ती बांध ओलांडायची, तासाभरात पाच-सात वेली करायची, छाटलेल्या काड्या झग्याच्या ओच्यात भरून चुलीत घालायची, म्हणजे मागे खूण नको. कशासाठी, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. वेली मरताना बघवत नव्हत्या एवढंच.

अधिकाऱ्याने विचारलं, मग बाकीच्या पाच का नाही केल्या? दुभाष्याने अरबीत सांगितलं. वकीलबाईंनी तिला आधीच बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोला. ती बोलली, वर जायला मला बंदी होती.

अधिकारी पुढे झुकला. "कुणाची बंदी? सैन्याची?"

दुभाषी थांबला होता. वकीलबाईंनी मान वर केली नाही. फिर्यालला कायदा येत नव्हता, पण एवढं तिलाही कळलं, की सैन्याने अडवलं म्हणून जमीन पडली, असं ठरलं तर पडलेली जमीन पडली म्हणून धरता येणार नाही. अबू निझाम तिच्याकडे बघत होता. आयुष्यात त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, मागितल्यासारखं. तिने त्याला वेळ दिला. त्याने स्वतः सांगावं म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर खाली घातली.

"घरची," ती म्हणाली. "बंदी घरची होती."

निकाल सप्टेंबरात आला, ऐन काढणीत. सर्वांत खालची पट्टी हरकतदारांची मान्य. वरच्या पाच सरकारी. कुंड चौथ्या पट्टीत, तेही वर गेलं. त्या वर्षीचा रस फिर्यालने घरच्या अंगणात, कपडे धुवायच्या टबात तुडवला. त्याला साबणाचा वास लागला की तिला तसं वाटत होतं, ते कळेना. निम्मी काकवी तिने कुणाला दिली नाही.

गावात अबू निझामने सांगायचं ते सांगितलं. एक शब्द बोलली असती तर जमीन वाचली असती. सैन्य, एवढा एक शब्द. वकीलबाई म्हणाल्या, वाचली नसती, त्या सालात तिथे सैन्याचा कसलाही हुकूम नव्हता, त्यांनी तासाभरात तपासून काढलं असतं आणि खालची पट्टीही गेली असती. फिर्यालने हे गावातल्या बायकांना सांगून पाहिलं. त्या हो हो म्हणाल्या. तारखा कुणाला समजतात? शब्द समजतो.

मग एका सकाळी अबू निझाम स्वतः तिच्या घरी आला, बरोबर टाइप केलेला कागद. बाप गेल्यापासून तो तिच्या घरी पाहुण्यासारखा चौथ्यांदा आला असेल. कागद धर्मकोर्टाच्या नमुन्यातला होता: मी, फिर्याल, स्वतःचा आणि मुखत्यार म्हणून बहीण सुबहियाचा हिस्सा भाऊ शहादे याच्या लाभात सोडत आहे. या वेळी नीट, लेखी. पुढच्या अपिलासाठी एकच नाव बरं, तो म्हणाला. फिर्यालने कॉफी केली, त्याला दिली, आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. "पाच त्यांनी घेतल्या. उरलेली एक तुला हवी. तू आणि ते डोंगरावरचे, दोघांनाही माझीच जमीन सापडली?"

"त्यांनी निदान नोटीस तरी लावली होती, अबू निझाम," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. वाक्य खरं होतं आणि तरीही चुकीचं होतं. दोन्ही गोष्टी एका मापात घालण्यासारख्या नव्हत्या, ते तिला समजत होतं. वर आता तारेचं कुंपण येत होतं, दिवसभर खांब ठोकण्याचा आवाज यायचा. अबू निझाम कॉफी अर्धी ठेवून निघून गेला.

आता खरी पंचाईत पुढेच होती. वरच्या कोर्टात अपील करायला पंचेचाळीस दिवस होते, आणि अर्जावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, भावाने सही केली नाही तर पलीकडचे म्हणतील, घरातल्या कर्त्या पुरुषालाच निकाल मान्य आहे. सुबहियाची सही फिर्यालकडे होती, स्वतःची तिने केली. तिसरी सही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे पावलांवर होती.

फिर्याल दर शुक्रवारी जात राहिली. पहिल्या शुक्रवारी तो झोपलेला होता, दुसऱ्या शुक्रवारी मशिदीत, तिसऱ्या शुक्रवारी घरातच होता आणि तो नाही असं त्याच्याच बायकोने सांगितलं, तो आत खोकत असताना. उम्म निझाम बिचारी लाजली. तिने फिर्यालला ताज्या रोट्या बांधून दिल्या आणि हळूच म्हणाली, त्यालाही शेत हवंय गं, पण तुझ्या नावाखाली नाव घालायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. फिर्याल म्हणाली, नाव वर घाल म्हणावं. अर्जात तो पहिलाच आहे. तीन नंबरला मी आहे.

आठ दिवस उरले तेव्हा तिने ठरवलं, आज उठायचं नाही. सकाळी ती त्याच्या अंगणात जाऊन पायरीवर बसली. बरोबर राजमा निवडायला आणला होता. येणारे-जाणारे सलाम करून, मुलाच्या नावाने हाक मारून विचारत, काय गं उम्म रबीअ, इथे का? ती म्हणायची, भावाला भेटायला आलेय. दहा वाजेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं. अकराला अबू निझाम बाहेर आला. हात पुढे केला, अर्ज घेतला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आत गेला. बराच वेळ आत होता. वरून खांबांचा ठोकठोक आवाज येत होता. फिर्यालने राजम्यातले खडे काढून संपवले.

तो बाहेर आला, घडी केलेला कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि मशिदीच्या दिशेने निघून गेला. फिर्यालने घडी उघडली. सही होती. ठसठशीत, पहिल्या क्रमांकाच्या जागी. आणि तिन्ही सह्यांच्या खाली, कागदाच्या तळाशी जी चार बोटं कोरी जागा होती तिथे, स्वतःच्या हस्ताक्षरात, काळ्या शाईने त्याने लिहिलं होतं: ही जमीन माझी एकट्याची आहे. बहिणींनी गावासमोर शब्द दिलेला आहे. सही केवळ ज्यूंविरुद्ध.

तिने ते दोनदा वाचलं. मग तिथेच पायरीवर बसून वकीलबाईंना फोन लावला आणि अक्षरशः जसं होतं तसं वाचून दाखवलं. पलीकडून हदासबाईंचा मोठा श्वास ऐकू आला. हा कागद कोर्टात नेता येणार नाही, त्या म्हणाल्या, हरकतदारच एकमेकांची मालकी नाकारतायत असं दिसेल. पुन्हा सह्या घ्याव्या लागतील.

"नवा पाठवते," त्या म्हणाल्या. "या वेळी खाली जागा ठेवत नाही."

"समासही ठेवू नका," फिर्याल म्हणाली.